झाकणभर पेज

“चहा? दुधाचे दात अजून पुरते आले नाहीत, आणि पोरीला चहा पाजता?”

पेणचे आमचे डॉक्टर एरवी इतकं हळू बोलतात, की आजारी आपण आहोत की ते, असा प्रश्न पडावा. पण त्या सकाळी ते असे ओरडले, की बाहेर बाकावर बसलेले निम्मे पेशंट जागच्या जागी बरे होऊन घरी गेले. माझी मुलगी सुमी, वय अडीच वर्षं, त्यांच्या टेबलावर पाय पसरून बसली होती. रंग न दिलेल्या शाडूच्या मूर्तीसारखी पांढरीफटक. डॉक्टरांनी तिची पापणी बोटानं खाली ओढून मला आतला भाग दाखवला. जिथं लाल दिसायला हवं होतं, तिथंही शाडूच.

“किती कप देता दिवसाला?”

“कप कुठला हो,” सुमीची आई पदराच्या टोकाकडे बघत म्हणाली, “बशीभर. ती पण ह्यांच्या कारखान्यात.”

“एकच बशी,” मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. मी एकच देत होतो.

आता कारखाना म्हटल्यावर तुम्ही धुराडं शोधू नका. पेणजवळ जोह्याला आमचा गणपतींचा कारखाना आहे, आणि मी तिथं डोळ्यांची आखणी करतो. मूर्ती घडते, वाळते, रंगते, पण बुबुळाची रेघ पडेपर्यंत ती नुसती माती असते. त्या रेघेला हात दगडासारखा स्थिर लागतो. माझा हात असा, की एकदा रेघ ओढताना मनगटावर माशी बसली, ती तिथंच झोपून गेली. थोडं वाढवून सांगायची मला खोड आहे हे जोह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्हीही आता ओळखलंच असेल. पण पुढं एसटीत जे घडलं, त्यात मी काही घातलेलं नाही. घालायला जागाच नव्हती.

सुमी जन्मली ती माघी चतुर्थीला. त्या दिवशी मी आखलेल्या सगळ्या मूर्तींचे डोळे असे उतरले, की न्यायला आलेली माणसं नमस्कार करायच्या आधी दचकली. झालं. पोरीचा पायगुण चांगला, असं कारखान्यात ठरलं. ती चालायला लागल्यावर प्रथाच पडली. आखणीचा ब्रश उचलण्याआधी कारागिरानं आपल्या चहातली पहिली बशी सुमीच्या तोंडाला लावायची, आणि मगच रेघ ओढायची. म्हणजे हात हलत नाही. सीझन सुरू झाला की आमच्याकडे चुलीवरून चहाचं भांडं उतरतच नाही, आणि आखणीला बसणारा मी एकटा थोडाच होतो? प्रत्येकानं एकच बशी दिली. कोणी म्हणजे कोणी दुसरी दिली नाही. सगळ्यांच्या मिळून किती होतात, हे मोजायचं काम कुणाचंच नव्हतं. सुमी जेवत नाही, दिवसभर पेंगते, चालताना धापा टाकते हे आईला दिसत होतं. मला दिसत होते ते गणपतींचे डोळे.

डॉक्टर शेवटी खाली आले, आवाजानं. थेंबांचं औषध लिहून दिलं आणि म्हणाले, “चहानं भूक मरते, अन्नातलं लोहसुद्धा अंगी लागू देत नाही. चहा बंद. त्याच्या जागी रंगीत सरबतं नकोत, फसफसणाऱ्या गॅसच्या बाटल्या नकोत, डब्यातली गोड पूड नको. तहानेला साधं पाणी द्या. दूध द्या, बेतानं. पेज द्या, वरणाचं पाणी द्या, जेवणाबरोबर ताक द्या. तरीही पोटात काही गेलं नाही, तर दोन दिवसांनी परत आणा. इथं ठेवून सलाइन लावू.”

सलाइनचं नाव ऐकून माझा हात, तोच तो दगडाचा हात, पहिल्यांदा हलला. त्या एवढ्याशा मनगटात सुई कुठं टोचणार, हेच मला दिसेना.

मला वाटलं होतं, चहा बंद करणं म्हणजे काय, नाही द्यायचा. पण पोरीनं घर डोक्यावर घेतलं. तिचं रडणं खाडीपलीकडं ऐकू जात होतं, आणि भरतीसुद्धा जरा थबकून मागं जात होती. आईनं पेल्यात दूध दिलं, तिनं पेला उडवला. पाणी दिलं, तोंड फिरवलं. कारखान्यात तर वेगळीच तऱ्हा. दुसऱ्याच दिवशी आमचा एक जुना कारागीर मोठ्या मूर्तीच्या मागं बसून तिच्या तोंडाला बशी लावताना सापडला. सुमीच्या आईनं ती बशी उचलून अंगणात भिरकावली. तो बिचारा म्हणाला, “वहिनी, रेघ वाकडी जाते हो सकाळपासून.” ती म्हणाली, “मग वाकडे गणपती विका. मला पोरगी सरळ पाहिजे.”

मी मात्र शहाणा. पाणी आणि पेज हे काय औषध झालं, असं वाटून मी डॉक्टरांनी नको म्हटलेलं सगळं पेणच्या बाजारातून उचलून आणलं. गुलाबी सरबत, गॅसची बाटली, डब्यातली पूड. नुसता आमच्या कारखान्यातला रंग तेवढा घालायचा राहिला. बाटलीतले दोन घोट ती घेई, ढेकर देई, आणि मग जेवणाकडे बघतसुद्धा नसे. दोन दिवसांत पोरगी आणखी उतरली. मांडीवर घेतली तर वजन लागेना.

तेव्हा मी धावीर महाराजांची आठवण काढली. रोह्याचं ते दैवत आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मानलेलं आहे, पण मी मनातून जरा फटकून होतो. स्वतःच्या हातानं इतक्या देवांचे डोळे उघडून झाल्यावर माणसाला वाटायला लागतं, की देव आपलं काहीतरी देणं लागतो. आता मात्र वाटत होतं, मी एवढे डोळे उघडले, त्यातला एकही माझ्या पोरीकडे बघत नाही. सुमीची आई म्हणाली, “संध्याकाळी डॉक्टरांकडे जायचंच आहे. त्याच्या आत जाऊन येऊ. पण बाटली बरोबर घेतलीत तर मी इथंच बसते.” आम्ही सकाळी पेणहून रोह्याची एसटी धरली. वाटेत मी मनात नवस जुळवत होतो. चांदीची बशी वाहीन, असं म्हणायचं ठरत आलं होतं. बघा, तेव्हाही माझ्या डोक्यात बशीच.

गडब गाव मागं टाकलं, आणि थोडं पुढं जाऊन गाडी थांबली. पुढं कुठंतरी ट्रक आडवा झाला होता. गाड्यांची रांग इतकी लांब, की तिचं पुढचं टोक गोव्यात समुद्रात पाय बुडवून उभं असणार. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, दुकान नाही, टपरी नाही. मी गडबला मागं जाऊन काहीतरी थंड आणतो म्हणून उठलो, तर कंडक्टर म्हणाला, “उतरू नका, गाडी कधी पण सुटंल.” ती सुटली नाही. आणि मी उतरलो नाही. सुमी माझ्या मांडीवर आधी रडली, मग नुसती कण्हली, मग तेही बंद झालं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे करायला काही नव्हतं, आणायला काही नव्हतं, सांगायलाही काही नव्हतं. मी नवससुद्धा विसरलो. डोळे मिटले आणि मनात एवढंच आलं, महाराज, माझं डोकं संपलं, आता तुम्ही बघा.

आमच्या शेजारच्या सीटवर एक बाई बसली होती. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, पायांना मिठागरातल्या मिठानं पडलेल्या भेगा. वडखळला चढल्यापासून तिनं कुणाकडे पाहिलंही नव्हतं. तिनं पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं, आणि ते उलटं करून त्यात पेज ओतली. लाल भाताची, जरा पातळ, वरून मीठ. मग झाकण दोन्ही हातांनी धरून फुंकर घातली आणि जो भुरका मारला, तो पुढं ड्रायव्हरला ऐकू गेला असणार. माझ्या मांडीवर हालचाल झाली. सुमीनं डोळे उघडले होते.

पोरगी ते झाकण बघत होती. तिच्या दृष्टीनं ती बशीच. बाई दुसरा भुरका मारते तोवर सुमी खाली उतरली आणि डुलत डुलत तिच्या गुडघ्यापाशी जाऊन उभी राहिली.

“मला,” सुमी म्हणाली.

“नाय गो,” बाई म्हणाली. “माझी हाय.”

जोह्यात सुमीला कुणी कधी नाही म्हटलेलं नव्हतं. आता ही आकांत करणार, म्हणून मी हात पुढं केला. पण ती रडली नाही. तिनं विचार केला, आणि बाईचं लुगडं मुठीत धरलं.

“थोडी,” सुमी म्हणाली.

बाईनं डब्यात पाहिलं. मग सुमीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, ते काही फार प्रेमानं नव्हे. “सांडायची नाय,” म्हणाली, आणि झाकण पोरीच्या ओठांना लावलं. सुमीनं बाईसारखीच फुंकर घातली आणि बाईसारखाच भुरका मारला. मग दुसरा. मग बाईचा एक, सुमीचा एक, असं चाललं. डब्याचा तळ दिसला तेव्हा बाईनं बोटानं उरलेली शितं गोळा केली आणि अर्धी अर्धी केली. शेजारून सुमीच्या आईनं माझा दंड इतका घट्ट धरला होता, की पाच बोटांच्या खुणा गौरी जाईपर्यंत राहिल्या. वर बाईनं आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं. साधं पाणी. पोरगी ते गटागट प्याली आणि तिथंच, त्या अनोळखी गुडघ्याला टेकून झोपली.

थोड्या वेळानं गाडी सुटली. रोह्याला बाई उतरली, पिशवी खांद्याला लावली आणि गर्दीत गेली. लेकीच्या घरी जायचंय, एवढंच म्हणाली. मी नाव विचारीपर्यंत ती दिसेनाशी झाली. आम्ही देवळात गेलो. मी महाराजांसमोर हात जोडून उभा राहिलो आणि मागायला काही सापडेना. नवस बोलायच्या आधीच देणं पोचलं होतं. सुमी जागी झाली आणि देवळातच म्हणाली, “भूक.” मी देवाच्या दारात कधी रडलो नव्हतो. त्या दिवशी राहिलेलं सगळं रडून घेतलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी सलाइनचं नाव काढलं नाही. थेंब चालू ठेवा म्हणाले, आणि जे पाजलंत तेच पाजा म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात चुलीवरून चहाचं भांडं उतरवलं आणि पेजेचं चढवलं. पोरं मोठ्यांच्या तोंडाकडे बघून पितात, एवढं मी एसटीत शिकलो होतो. भर सीझनला सगळे कारागीर बशीत पेज ओतून भुरके मारायला लागले. दुपारी ताक, तहानेला माठातलं पाणी. सुमी मधोमध बसून प्रत्येकाच्या बशीवर लक्ष ठेवायची. आणि मी पोरीच्या तोंडाला बशी न लावता पहिल्यांदा ब्रश उचलला. हात हलला. हलू दिला. त्या वर्षी माझ्या गणपतींच्या नजरेत एक ओल उतरली. एका गिऱ्हाइकानं तर मूर्तीचे डोळे पुसायला रुमाल काढला होता. हे मात्र मी वाढवून सांगत असेन.

एवढं कळलं, की मी जोवर आणत होतो, शोधत होतो, चांदीच्या बशा ठरवत होतो, तोवर महाराजांना मध्ये हात घालायला फटच नव्हती. मला भर रस्त्यात बसवलं, हात रिकामे केले, आणि मग त्यांनी त्यांचं काम केलं. तेही एका झाकणात.

दसऱ्यानंतर महाराजांच्या पालखीला आम्ही रोह्याला गेलो. सुमी माझ्या खांद्यावर, गालांवर रंग आलेला, आणि वजन असं की माझी मान मोडायला आली होती. गर्दीत एका ओट्यावर ती बाई दिसली, लेकीबरोबर बसलेली. मी धावत जाऊन तिच्या पायांवर डोकं ठेवलं. मग जमलेल्या माणसांना सगळं ऐकवलं. पोरीचा श्वास कसा थांबत आला होता, आभाळ कसं काळं झालं होतं, झाकणाभोवती कसा उजेड दिसला, आणि माझ्या पोरीसाठी साक्षात महाराजच वडखळच्या स्टॉपवर हिच्या रूपानं कसे चढले. दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले. बाई शेवटपर्यंत ऐकत होती. तिनं सुमीला खांद्यावरून खाली घ्यायला लावलं, तिचे गाल चाचपून पाहिले, आणि मग माझ्याकडे वळली.

“तिला भूक लागली व्हती,” ती म्हणाली. “मलाबी लागली व्हती.”