एक विमान जाईपर्यंत

सगुणाबाईंना मी पहिल्यांदा खेळताना पाहिलं तेव्हा त्यांच्या खांद्यावर ओला फडका होता.

हिंजवडीतल्या एका मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर आमचा गेम झोन आहे. मी तिथं काउंटरवर कार्डं देते. मराठी घेऊन एम. ए. झाले, त्याला दोन वर्षं झाली. सगुणाबाई सफाईला आहेत. वय चोपन्न. सगळे त्यांना मावशी म्हणतात. दोन्ही गुडघे दुखतात, म्हणून त्या खाली बसताना आधी जागा बघतात आणि उठताना भिंत.

त्या दिवशी माझी स्कूटी दुरुस्तीला होती. शेजारच्यांच्या गाडीतून आले आणि तासभर लवकर पोचले. झोनमध्ये दिवे अर्धेच लागले होते. कोपऱ्यातल्या विमानाच्या मशीनसमोर सगुणाबाई उभ्या होत्या.

ती मशीन साधी आहे. उभा पडदा, एक दांडा, दोन बटणं. खाली आपलं विमान, वरून शत्रूची विमानं थव्याथव्यानं येतात आणि गोळ्या सोडतात. चुकवायचं आणि पाडायचं. गोष्ट नाही, नायक नाही. तीन विमानं मिळतात. दुपारी आयटीतली मुलं जेवून येतात, दीड मिनिटात तिन्ही घालवतात, एकमेकांना हसतात आणि बोलिंगकडे जातात.

सगुणाबाईंचा पडदा गुलाबी गोळ्यांनी भरला होता. इतका की मला आधी त्यांचं विमान सापडलंच नाही. मग दिसलं. ते पळत नव्हतं. जरासं सरकत होतं. एक बोट इकडे, अर्धं बोट तिकडे. गोळ्या त्याच्या पंखांना घासून जात होत्या. बाईंचं फक्त मनगट हलत होतं. बाकी अंग एसटीची वाट बघणाऱ्या बाईसारखं उभं.

मी बॅगसुद्धा खाली ठेवली नाही. बारा मिनिटांनी विमान फुटलं. दोन शिल्लक होती. सगुणाबाईंनी दांडा सोडला, हाताची घडी घातली आणि ती दोन्ही फुटताना बघत राहिल्या.

"मावशी, अजून दोन होती की."

त्या दचकल्या नाहीत. मागेही वळल्या नाहीत. "कागदावर काय लिवलंय? एक विमान जाईपर्यंत खेळून बघा. गेलं एक."

खरंच तसं लिहिलंय. रोज सकाळी सफाई झाली की प्रत्येक मशीन टेस्ट कार्डानं चालू करून बघायची आणि चेकलिस्टवर 'चालू' किंवा 'बंद'च्या खाली खूण करायची. विमानाच्या मशीनपुढे तेवढं एक वाक्य आहे. लिहिणाऱ्याला वाटलं असेल, अर्धं मिनिट लागेल.

"कवा आलीस?" त्यांनी विचारलं.

"मघाशी."

"कुणाला सांगू नगंस."

मी सांगितलं नाही. स्कूटी दुरुस्त झाल्यावर सकाळी लवकर निघायला लागले. मी नांदे गावची, त्या पुढच्या चांद्याच्या. वाटेत त्यांना घ्यायचे. त्या एका बाजूला पाय सोडून बसायच्या आणि गर्दीत गाडी अडकली की बोलायच्या. गाडी सुटली की गप्प.

त्यांचं माहेर कोळवण. चांद्याची जमीन दिरांनी विकली. तिथं बारा मजली इमारत झाली. त्याच इमारतीचे जिने सगुणाबाईंनी चार वर्षं पुसले. "तिसऱ्या मजल्याला आलं की वाटायचं, हितं आपली विहीर व्हती," त्या एकदा म्हणाल्या. "मंग वाटायचं, विहीर तिसऱ्या मजल्याव कशी असंल." आणि हसल्या. मग जिने चढवेनात म्हणून इथं आल्या. इथं लिफ्ट आहे. पण लहान मुलांचा बॉल पूल आहे. त्यातले चेंडू दर सोमवारी काढायचे, धुवायचे, पुसायचे, परत टाकायचे. ते किती हजार आहेत हे कुणी सांगत नाही.

मला राहवेना. त्या खेळात त्यांना काय सापडतं, ते मी विचारत राहिले.

"डोस्क्यात काय ऱ्हात न्हाई," त्या म्हणाल्या. "पुसताना लई काय येतं. दीर येतो, जाऊ येती, गुडघा येतो. तितं उभं ऱ्हायलं की कुणी येत न्हाई. यायला टायमच मिळत न्हाई त्यास्नी."

दुसऱ्या दिवशी हिंजवडीच्या वळणावर गाडी अडकली तेव्हा आपणहून पुढचं बोलल्या. "तुमी पोरं विमानाकडं बघता. विमानाकडं बघायचं न्हाई. गोळीकडं बी न्हाई. मधी रिकामी जागा असती, तिच्याकडं बघायचं. हात आपसूक जातो."

"पण गोळ्या अंगावरूनच जातात तुमच्या."

"सगळं विमान लागत न्हाई, तृप्ते. मधी एक ठिपका हाय, ज्वारीच्या दाण्याएवढा. तेवढाच लागतो. पंखांना लागलं तरी चालतं. मला ते कळायला सहा म्हैने गेले." थोडं थांबून म्हणाल्या, "कळलं त्या दिवशी लई बरं वाटलं. आपण वाटतो त्याच्यापेक्षा बारीक असतो."

मी त्या वाक्यावर दिवसभर अडकले. संध्याकाळी त्यांना विचारलं, लहानपणी तुम्ही भाताची पाखरं राखायचा ना, गोफण घेऊन माळ्यावर बसायचा ना, मग हे तसंच नाही का. पाखरांचे थवे, वरून येणारे.

"कसलं," त्या म्हणाल्या. "गोफणीनं खांदा जायचा. आणि आई शिव्या द्यायची. हितं कोण शिव्या देतंय?"

माझी उपमा तिथंच संपली.

एकदा त्यांनी माझ्या हातात दांडा दिला. मी चाळीस सेकंदात तिन्ही विमानं घालवली. दुसऱ्या बटणानं सगळा पडदा साफ करणारे दोन बाँब सुटतात, ते मी वाचवून ठेवलेले तसेच राहिले.

"बाँब कशाला ठिवलास? दिवाळीला?"

"पुढं अवघड येईल म्हणून."

"पुढं गेलीस का तू?" त्यांनी परत कार्ड लावलं. खेळ लगेच सुरू झाला. "हे बघ. मेलं की लगेच नवीन देतंय. तोंड वाकडं करायला बी सवड देत न्हाई. आता सांग, मघाशी का मेलीस?"

मी आठवलं. "डाव्या कोपऱ्यात गेले. बाहेर पडायला वाट नव्हती."

"व्हती. तू उशिरा निघालीस. ह्याच्यात कायम वाट असती. मेलो तर चूक आपली. मंग उद्या करता येतं नीट." त्या मशीनच्या काचेवरचे बोटांचे डाग पुसायला लागल्या. "असं दुसरं काय हाय सांग मला. जिथं चूक आपलीच असती."

 

गेल्या महिन्यात मशीनवर संकट आलं. कारण असं. खेळ संपला की मशीन नावाची तीन इंग्रजी अक्षरं मागते. सगुणाबाई ती भरत नाहीत. मग ती स्वतःच ए ए ए असं लिहून टाकते. आमचे मॅनेजर किशोर सर एकदा महिन्याचा तपशील काढायला मशीनपाशी गेले. यादीत पहिले दहाच्या दहा नंबर ए ए ए. पुढचे आकडे इतके मोठे की अकराव्यापाशी गिऱ्हाइकांचे आकडे चिल्लर वाटावेत. आणि सगळे खेळ सकाळी अकराच्या आधी, झोन बंद असताना.

किशोर सरांनी दुरुस्तीवाल्या रवीला फोन लावला. रवीनं फोनवरच निदान केलं. बोर्ड खराब झालाय, मशीन आपोआप आकडे चढवतेय. जुना बोर्ड मिळणार नाही. सरांनी ठरवलं की मशीन परत पाठवायची. त्या जागी खेळणी उचलायच्या पंजाची आणखी एक मशीन आणायची. टेम्पो शुक्रवारी येणार होता.

मी सगुणाबाईंना स्कूटीवरच सांगितलं. 

"पंज्याचं मशीन वंगाळ हाय," त्या म्हणाल्या. "त्याचा पंजा ढिला ठिवत्यात. कितीबी नीट धरा, सुटतंच. ते काय खेळणं हाय?"

"मावशी, सांगा ना सरांना. तो ए ए ए म्हणजे तुम्ही आहात म्हणून."

"सांगितलं तर काय तरी व्हईल."

"नाही सांगितलं तर मशीन जाईल."

"व्हय," त्या म्हणाल्या. 

शुक्रवारी रवी सकाळी नऊलाच आला. त्यानं मशीनची मागची फळी उघडली होती. किशोर सर चहा पीत उभे. सगुणाबाई बादली घेऊन आल्या आणि तिथंच थांबल्या.

"मशीन बरी हाय."

"मावशी, तुम्ही तिकडचं पुसून घ्या," सर म्हणाले. तुटकपणे नाही, थकून. त्यांचे डोळे कायम लाल असतात. बोलिंगची लाइन आठवड्यात दोनदा बंद पडते.

"ते जे नाव हाय यादीत, ते मी हाय."

सर हसले. रवीनं फळीआडून डोकं वर काढलं. "कोण?"

"फळी लाव," सगुणाबाई त्याला म्हणाल्या. "दावती."

त्यांनी फडका खांद्यावर टाकला आणि टेस्ट कार्ड लावलं. मी लांब उभी होते. मला पडदा दिसत नव्हता, त्या दोघांचे चेहरे दिसत होते. पहिली दोन मिनिटं सरांच्या तोंडावर हसू होतं. मग ते गेलं. रवी हळूहळू पुढे वाकत गेला. एकदा तो स्वतःशीच "गेली, गेली" म्हणाला आणि मग "नाही" म्हणाला. चहा गार झाला. मशीनचा आवाज चालू राहिला, एकसारखा, न थांबता. तेवढ्या वेळात मी दोन्ही गल्ले उघडून ठेवले आणि परत येऊन उभी राहिले.

विमान फुटलं तेव्हा सगुणाबाई म्हणाल्या, "ही माझी चूक. घाम आला हाताला." आणि दांडा सोडला.

"मावशी," रवी म्हणाला, "मी अकरा वर्षं ह्या मशिनी खोलतोय. मला चौथ्या टप्प्यापुढं काय आहे हे माहीत नव्हतं."

मला वाटलं, झालं. मशीन वाचली.

किशोर सर घड्याळ बघत होते. "सव्वीस मिनिटं," ते म्हणाले. "एका कार्डात."

"एका विमानात," मी म्हणाले. आता वाटतं, गप्प बसायला हवं होतं.

"म्हणजे कुणाला जमलं तर तो तासभर इथंच. आणि मागे लोक उभे." ते रवीकडे वळले. "हे कडक करता येतं?"

रवीनं उघडायच्या फळीकडे पाहिलं. "सेटिंग आहे, सर. सध्या चारवर आहे. आठपर्यंत जातं."

"आठ कर."

"आठला खेळता येत नाही, सर. गोळ्यांमध्ये जागाच उरत नाही. बनवणाऱ्यानं तो चारवरच बनवलाय."

"लोक दोन मिनिटंच खेळतात. त्यांना काय कळणार आहे." मग सर सगुणाबाईंना म्हणाले, खरंच समजावून, "मशीन राहतेय ना, मावशी. टेम्पो परत पाठवतो. मग झालं तर."

रवीनं फळी परत उघडली. यादी पुसायची का म्हणून विचारलं. सर फोनवर होते. त्यानं ती पुसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगुणाबाईंच्या शेजारीच उभी होते. पहिला थवा आला. त्या सरकल्या. दुसरा आला. पडदा गुलाबी झाला, आणि त्यात कुठेही रिकामी काळी जागा दिसेना. वीस सेकंद झाले असतील. विमान फुटलं.

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मी विचारलं, "कुठे चुकलं?"

"चुकलं न्हाई."

उरलेली दोन त्यांनी सोडली नाहीत. तीही खेळल्या. ती पहिल्यापेक्षा लवकर गेली. परत कार्ड लावलं. चार दिवस त्या तसंच करत होत्या. पाचव्या दिवशी हाताची घडी घातली.

मग त्या चेकलिस्टपाशी गेल्या. प्रत्येक मशीनपुढे 'चालू'च्या खाली खूण केली. विमानापुढे 'बंद'च्या खाली केली.

किशोर सर अकराला आले. "मावशी, ही चालू आहे की."

"दिवे लागत्यात," त्या म्हणाल्या. "आवाज येतोय."

"मग?"

"खेळता येत न्हाई."

सरांनी खूण खोडली आणि 'चालू'च्या खाली केली. ते रागावले नाहीत. तेवढी शक्ती त्यांच्याकडे नव्हती.

याला आता तीन आठवडे झाले. त्या रोज 'बंद' करतात, ते रोज खोडतात. कागद हेड ऑफिसला जातो, खाडाखोड बघून तिथून रवीला फोन येतो. तो दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा मशीन तपासली, चालू आहे असं लिहून दिलं, आणि सगुणाबाईंजवळ बसून चहा प्यायला.

दुपारी आयटीतली मुलं येतात. पूर्वी दीड मिनिटात मरायची, आता अर्ध्या मिनिटात मरतात. फरक कुणी विचारत नाही. परवा एकजण यादी बघून काउंटरवर आला. हा ए ए ए कोण, म्हणाला. मी बॉल पूलकडे बोट केलं. सोमवार होता. सगुणाबाई स्टुलावर बसून चेंडू पुसत होत्या. त्याला वाटलं, मी मस्करी करतेय.

आज सकाळी गर्दीत गाडी अडकली. मी विचारलं, सर मान्य करणार नाहीत, मग रोज खूण का करता.

"मला इचारत्यात म्हणून," त्या म्हणाल्या. "रोज इचारत्यात, मशीन चालू हाय का. मंग मी सांगती."

गाडी सुटली. त्या गप्प झाल्या.