मावशींचा बिनशपथेचा जबाब

बजाजनगरात रत्नमाला मावशींची खानावळ आहे आणि मी तिथं जेवतो, त्यामुळे माझ्या सांगण्यात थोडा पक्षपात असणार. त्याला इलाज नाही. मावशी फटकळ. ताटात पोळी टाकून उठणाऱ्याला चारचौघांत झापणार. पण नवरा गेल्यावर याच शेगडीवर त्यांनी मुलीला, श्रेयाला, नर्सिंगच्या कॉलेजापर्यंत पोचवलं. आणि दर रविवारी विहारात जाऊन पंचशील म्हणायचं कधी चुकवलं नाही.

एका संध्याकाळी कृष्णा नावाच्या पोरानं कंपनीतला राग जेवणावर काढला. भाजी खारट आहे म्हणत त्यानं भरलं ताट लाथाडलं. मावशींच्या हातात उलथनं होतं. ते त्याच्या कपाळावर बसलं, टाके पडले, पोलीस आले आणि मावशी आरोपी झाल्या. मी तेव्हा ड्युटीवर होतो, म्हणून साक्षीदार व्हायचा वाचलो.

बाईला कोर्टाकडून फुकट वकील मिळतो हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. मिळाल्या त्या विशाखा मॅडम, वयानं लहान पण कामाला चोख. अदालत रोडवर तारखा सुरू झाल्या. कृष्णानं साक्ष दिली, पण त्या दिवशी आपण प्यायलो होतो हे त्याला उलटतपासात कबूल करावं लागलं. मग त्या संध्याकाळी जेवायला बसलेले सखाराम आणि आणखी एक जण आले. दोघांनी खरं सांगण्याची शपथ घेतली आणि आपण काहीच पाहिलं नाही असं ठोकून दिलं. कोर्टात याला साक्षीदार फितूर झाला म्हणतात. रोज जिच्या हातचं खायचं तिला तुरुंगात कोण पाठवणार? मावशींनी त्या रात्री सखारामला वाढलं, पण त्याच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

राहिला मावशींचा जबाब. मॅडमनी समजावलं की जज एकेक गोष्ट विचारतील, अडचणीच्या प्रश्नाला 'खोटं आहे' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. शिक्षा झाली तर खानावळ बुडेल, पाठोपाठ श्रेयाचं शिक्षणही. शिवाय आरोपीला शपथ देत नाहीत, तेव्हा मनाला लावून घ्यायचं कारण नाही.

"कोर्टाची शपथ नसंल, मॅडम," मावशी म्हणाल्या. "माझी दर रविवारची हाय ना."

खोटं बोलणार नाही, हे चौथं शील. मला मनापासून राग आला. पोरीचं वाटोळं करून कसलं शील, असं मी तोंडावर बोललो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा प्यायला बाहेर पडलो.

परत आलो तर मॅडम वेगळंच सांगत होत्या. उत्तर न देण्याचाही आरोपीला हक्क आहे. स्वतःविरुद्ध बोलायला त्याला कुणी भाग पाडू शकत नाही, गुन्हा सिद्ध करायचं काम सरकारचं. गप्प बसलं तर ते खोटं बोलणं होत नाही ना, आणि कोर्टाचा अपमानही होत नाही ना, हे मावशींनी पुन्हापुन्हा विचारून घेतलं.

जबाबाच्या दिवशी त्या आरोपीच्या पिंजऱ्यात पदर खोचून उभ्या राहिल्या. कृष्णा तुमच्याकडे जेवायचा का? व्हय. त्यानं ताट लाथाडलं का? व्हय. मग उलथन्याचा प्रश्न आला. श्रेयानं माझा हात घट्ट धरला.

"याचं उत्तर मला द्यायचं नाय, साहेब."

जजनी ते जसंच्या तसं टाईप करायला सांगितलं. मला वाटलं, संपलं सगळं. पण निकालात, दोन साक्षीदार फितूर आणि फिर्यादी प्यायलेला, म्हणून संशयाचा फायदा देऊन मावशींना निर्दोष सोडलं. श्रेया रडली. मीही रडलो, उगाच कशाला लपवू.

निकाल ऐकायला कृष्णाही आला होता. व्हरांड्यात एकटाच खांबाला टेकून उभा होता. मॅडम मावशींना ओढून घाईनं बाहेर नेत होत्या, पण मावशी हात सोडवून सरळ त्याच्यापुढं गेल्या.

"म्या मारलं तुला. चुकलं माझं. आत मी आरोपी व्हते, गप राहायचा हक्क व्हता, म्हणून गप राहिले. इथं तसं काय नाय."

मॅडमनी कपाळावर हात मारला. कृष्णाचा हात मात्र त्याच्या टाक्यांच्या खुणेवर गेला.

"भाजी खारट नव्हती, मावशी," तो म्हणाला.