लाल पेन्सिल खिशातच होती

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. सरांना तर नाहीच. सर गेले, तिरडीला खांदा दिला, तेव्हाही ओठांवर आलं आणि परत गिळलं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. म्हणजे हाही भित्रेपणाच झाला — नाही का?

आधी मी कोण ते सांगतो. वेळ काढतोय हे मलाही कळतंय, पण सांगतो.

बिदरच्या बाजूचा मी. घरात मराठी, शाळा कन्नड, आणि तीही सातवीपर्यंत. मग शाळा सुटली, गाव सुटलं, आणि नव्वदनंतरच्या कुठल्याशा वर्षी, पंचविशीच्या आसपास, कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका हॉटेलात ऑर्डरी घेत होतो. निपाणीकडच्या एका गिऱ्हाइकाशी कन्नड बोलताना सरांनी मला ऐकलं. सर म्हणजे वर्तमानपत्राच्या मालकाशी भांडून बाहेर पडलेला माणूस. त्याच गल्लीत माडीवर त्यांनी एक संस्था काढली होती. सीमेच्या अलीकडची-पलीकडची, वेगवेगळ्या जातीधर्मांची माणसं एका सतरंजीवर बसवायची, त्यांना बोलतं करायचं, आणि मोठी वर्तमानपत्रं जे छापत नाहीत ते महिन्याच्या अंकात छापायचं. अर्धा अंक मराठी, अर्धा कन्नड. ना पुढाऱ्याचा फोटो, ना कारखान्याची जाहिरात. सरांनी मला ठेवून घेतलं. माडीवरचीच खोली राहायला दिली. डबा त्यांच्या घरून यायचा, आणि सणाच्या दिवशी काकू स्वतः समोर बसून वाढायच्या. परक्या गावात कोण करतं एवढं?

म्हणून भीतीही तेवढीच मोठी होती. बोलायला मी चटपटीत, पण मराठी अक्षर दुकानांच्या पाट्यांवरून शिकलेलं. मोठी ओळ आली की जीभ अडखळायची. सरांना हे ठाऊक नव्हतं. मी कळू दिलं नव्हतं.

आणि संस्थेचा नियम नेमका वाचनाचा. कुठलाही मजकूर छापण्याआधी ज्याने तो सांगितला त्याच्या गावी जायचं, समोर बसून सगळा मोठ्याने वाचून दाखवायचा. तो सांगेल ते लाल पेन्सिलीने काढायचं. नाव नको म्हणाला, तर नाव काढायचं. मग खाली सही नाहीतर अंगठा. सर म्हणायचे, "आपण छापून मोकळं हुतो रे. गावात ऱ्हायाचं त्येला हाय." हे वाचून दाखवायचं काम माझं होतं. मी आदल्या दिवशी अख्खा मजकूर पाठ करायचो आणि कागदाकडे बघत म्हणून दाखवायचो. दोन वर्षं असंच निभावलं.

त्या दिवशी मात्र मजकूर हातात आला तो एसटीला निघतानाच.

गारगोटीच्या पुढचं गाव. तिथल्या बौद्ध वस्तीतली एक विधवा बाई — मी तिला मावशी म्हणायचो, तुम्हीही तेच म्हणा, नाव मी लिहिणार नाही. तिची एक म्हैस होती. गावातल्या डेअरीत सगळ्यांचं दूध एका कॅनमध्ये पडायचं, तिचं मात्र बाजूच्या वेगळ्या कॅनमध्ये. आमच्या बातमीदाराला तिने सगळं सांगितलं होतं, स्वतःच्या आणि डेअरीच्या सेक्रेटरीच्या नावासकट.

समाजमंदिराच्या पायरीवर बसलो. पाच-सहा बायका जमल्या. मी वाचायला लागलो आणि दुसऱ्याच ओळीला अडकलो. मागे गेलो, पुन्हा अडकलो.

"सावकाश, पावणं," एक बाई म्हणाली, "म्हस काय पळून जात न्हाई."

सगळ्या हसल्या. मीही हसलो. तेवढ्यात मावशीची पोरगी पुढे आली. गारगोटीच्या शाळेत नववीला होती, नुकतीच एसटीतून उतरलेली, दप्तर अजून पाठीवरच. "द्या हिकडं, वाचते मी," म्हणाली आणि कागद माझ्या हातातून घेऊन सगळा मजकूर धडाधड वाचून काढला. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं बरोबर. मावशी मजकूर ऐकतच नव्हती. ती नुसती पोरीच्या तोंडाकडे बघत होती.

"आगं, हापिसातल्या माणसापरास आपली पोरगी भारी की!" बायकांतली एक म्हणाली.

पोरीने कागद परत दिला आणि विचारलं, "दादा, तुम्ही कितवी शिकलाय?"

टोमणा नव्हता तो. खरंच नव्हता. मी म्हणालो, बारावी. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा माझ्या हातातल्या कागदाकडे. ते बघणंच मला जास्त लागलं.

मग मावशी म्हणाली, "बाबा, माझं नाव तेवढं काढा. गावाचं बी काढा. त्या दिशी रागाच्या भरात समदं सांगितलं बगा. पण रोज दूध तितंच घालायचं हाय मला."

"काढतो, मावशी," मी म्हणालो. तिने अंगठा दिला. मी कागद घडी करून पिशवीत ठेवला.

लाल पेन्सिल खिशातच होती.

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःशी 'विसरलो' हा शब्द वापरला. विसरलो नव्हतो हो. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी कागद मांडीवर उघडला होता. पेन्सिल बोटांत धरली होती. मावशीचं नाव तीन ठिकाणी होतं, ते मी शोधूनही काढलं — तेवढं वाचता येत होतं मला. आणि मग वाटलं, छापू दे. पोरीला वाचायला एवढं छान येतं ना? मग वाचू दे तिला आपल्या आईचं नाव. पेन्सिल परत खिशात ठेवली.

सरांनी विचारलं, "काय बदल?"

"काही नाही, सर."

त्यांनी अंगठा बघितला आणि मजकूर छापखान्यात पाठवला.

अंक निघून आठ दिवसही झाले नसतील, कुणीतरी त्या पानाची झेरॉक्स डेअरीच्या भिंतीला चिकटवली. दुसऱ्या दिवसापासून मावशीचं दूध वेगळ्या कॅनमध्येही घेईनात. पाणी हाय म्हणून परत. रोज भरली किटली घेऊन जायची, रोज भरलीच घरी आणायची. शेतात तण काढायला, भांगलणीला बोलवायचंही बंद झालं. म्हैस विकली.

मग त्या दोघी माडीवर आल्या. खुर्ची दिली तरी मावशी बसली नाही. म्हणाली, मी ह्येंना नाव काढा म्हटलं हुतं. सरांनी माझ्याकडे बघितलं. त्या वेळी खरं बोललो असतो तर? निदान मावशीला एवढं तरी कळलं असतं, की चूक तिची नव्हती.

"नाही सर," मी म्हणालो. "मी सगळं वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत. अंगठा आहे ना."

आवाज जरासुद्धा कापला नाही.

"खोटं बोलत्यात!" पोरगी ओरडली. "वाचलं मी. ह्येंनी न्हाई. ह्येंना वाचायलाच येत न्हाई!"

आता सर मला कागद वाचायला देतील असं वाटलं. पण सर तिच्याकडे वळले आणि अगदी मायेने म्हणाले, "पोरी, तुझा राग कळतो मला. पण गरिबीतनं वर आलेल्या माणसाला शिक्षणावरनं बोलू नये."

मावशीने पोरीच्या पाठीत एक धपका घातला. "हापिसातल्या माणसाला असं बोलत्यात व्हय गं? पाया पड दादाच्या." आणि सरांना हात जोडून म्हणाली, "माझंच म्हणायचं ऱ्हायलं आसंल, साहेब. डोस्क्यात लई हुतं."

पोरगी वाकली. माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले नाहीत.

सर नंतर गावात जाऊन आले, सेक्रेटरीशी भांडले. काही झालं नाही. मी मात्र संस्थेत टिकलो. वाचायला शिकलो, चांगलंच शिकलो. दोन हजार सालानंतर नवीन मुलंमुली कामाला येऊ लागली, तेव्हा गावात जाऊन कसं वाचून दाखवायचं ते शिकवायचं काम सरांनी माझ्याकडे दिलं. मी सांगायचो, कागदाकडे नाही, माणसाच्या तोंडाकडे बघा. पेन्सिल आधीच हातात धरा. मुलं वहीत उतरवून घ्यायची.

इथे थांबलो असतो. पण अजून एक राहिलंय, आणि खरं तर तेच सांगायला बसलो होतो.

त्या दोघी येऊन गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी बातमीदार गारगोटीला जाऊन आला. मी टेबलाशी अंकांवर पत्ते चिकटवत होतो. तो म्हणाला, मायलेकींनी गाव सोडलं. इचलकरंजीला यंत्रमागावर सुताच्या कांड्या भरतात दोघी. पोरीची शाळा सुटली, नववीतच.

मी "अरेरे" म्हणालो. पत्ते चिकटवत राहिलो. मनात मोजलं — मी सातवी, ती नववी. आता फरक फार राहिला नव्हता.

दुपारी काकूंचा डबा आला. त्या माडीवरच्या प्रसंगापासून मला अन्न गोड लागत नव्हतं, अर्धा डबा परत जायचा. त्या दिवशी मी सगळा खाल्ला. शेवटच्या भाकरीच्या तुकड्याने डबा पुसून घेतला. मला बरं वाटत होतं.