बर्मिंगहॅम ते न्यूयॉर्क, क्रूला गाडी बदलून

हसायचं असेल तर जरा दमाने हसा, कारण हा गाढवपणा एका झटक्यात झालेला नाही. पद्धतशीर, पायरीपायरीने आणि अख्ख्या महाराष्ट्र मंडळाच्या साक्षीने झालाय. वर दुसऱ्या कोणावर ढकलायची सोयसुद्धा मी ठेवली नाही. नाहीतर दोष ढकलण्यात माझा हात धरणारा त्या काळी बर्मिंगहॅममध्ये कोणी नव्हता!

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी लीड्सचं इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला लाथाडून घरी येऊन बसलो होतो. आमच्या लोकांत मुलगा युनिव्हर्सिटी सोडत नाही बरं का, तो 'सध्या जरा ब्रेकवर' असतो. आई फोनवर सगळ्यांना तेच सांगायची. बाबा काहीच सांगायचे नाहीत. जेवताना फक्त आमटीकडे बघायचे, जणू माझं करिअर त्यात बुडालंय आणि पळीने काढता आलं तर बघावं.

अशात एका रिक्रूटमेंट एजन्सीच्या काचेत मला पोस्टर दिसलं. वर जहाज. जहाजामागे लिबर्टीचा पुतळा, एक काळा ट्रम्पेटवाला, एक काउबॉय, एक पिसांचा टोप घातलेला सरदार. खाली लिहिलेलं : किनाऱ्याकिनाऱ्याने अमेरिकेचा इतिहास आणि संस्कृती. स्टाफ हवा.

मी आत गेलो. काउंटरवरची बाई म्हणाली, "भांडी घासायला चालेल?"

म्हटलं, "चालेल."

"आठवड्याची क्रूझ आहे. साउदॅम्प्टनहून. रेनकोट घे, लव्ह."

"पासपोर्ट?"

"कशाला? काहीही ओळखपत्र चालेल."

आता कोणत्याही शहाण्या माणसाने इथे थांबून एक प्रश्न विचारला असता. मी काय केलं? मी खूश झालो! म्हटलं, बघा, इथे जन्मल्याचा आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी उपयोग झाला.

घरी येऊन जाहीर केलं, "मी अमेरिकेला चाललोय. जहाजाने. आणि परत येणार नाही."

माझा प्लॅन साधा होता. न्यूयॉर्कला जहाज लागलं की उतरायचं आणि गर्दीत मिसळायचं. पुढचं पुढे. आईने डोळ्यांना पदर लावला आणि लगेच मंडळाच्या अध्यक्षांना, म्हणजे कर्णिककाकांना, फोन लावला. 'ब्रेकवर' असलेला मुलगा अमेरिकेला! इतक्या दिवसांत तिला माझ्याबद्दल खरं सांगण्यासारखं पहिल्यांदाच काहीतरी मिळालं होतं.

आणि मग सुरू झाली पार्सलं.

तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्यातला कोणी कुठे निघाला की तो माणूस राहत नाही, तो पोस्ट ऑफिस होतो. कर्णिककाकांचा पुतण्या न्यू जर्सीला. त्याच्यासाठी लिंबाचं लोणचं आणि मेतकूट. शालूमावशींची मुलगी न्यू जर्सीला. तिच्यासाठी कुकरची रिंग ("तिकडे आपल्या मापाची मिळतच नाही रे!") आणि एक पितळी खलबत्ता. खलबत्ता! म्हटलं, "मावशी, तिकडे मिक्सर असतात." मावशी म्हणाल्या, "मिक्सरला वेलदोडा कळत नाही."

मंडळाने शाळेच्या हॉलमध्ये रीतसर निरोप समारंभ ठेवला. शाल, नारळ, हातावर दही. कर्णिककाकांनी माइकवरच माझी चौकशी केली.

"किती दिवसांचा प्रवास म्हणालास?"

"एक आठवडा."

"जाऊन-येऊन एक आठवडा? आम्ही बोटीने आलो तेव्हा नुसतं यायला..."

"काका, तुमच्या वेळच्या बोटी वेगळ्या."

"आणि व्हिसा?"

"व्हिसा तुम्हाला लागतो काका. मी इथला आहे."

बाबा शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. मला वाटलं, आता नाही तर कधी? माइक हातात घेतला आणि सुटलो.

"तुम्ही लोकांनी या देशात येऊन केलं काय? मॉर्गेज फेडलं आणि दुसऱ्यांच्या पोरांचे मार्क विचारले! एकदा समुद्र ओलांडलात आणि तेवढ्या भांडवलावर आम्हाला जन्मभर सल्ले देताय! कोणती ब्रांच घे, कुठल्या बसने जा, कोणाशी बोलू नको! मी तुमच्यासारखा भित्रा नाही. आजपासून मला कोणी सल्ला द्यायचा नाही. मी कोणाला विचारणारही नाही. विशेषतः बाबा, तुम्हाला!"

आता खुर्च्या फेकतील असं वाटलं. पण टाळ्या! कडकडून! कर्णिककाकांनी खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "सुंदर बोललास. मराठी बरंच सुधारलंय हं तुझं."

बाबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. गाडीत सामान ठेवताना त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि परत मिटलं. मला काय आनंद झाला! वाटलं, जिंकलो.

तर जहाज. माझी केबिन पाण्याच्या पातळीखाली, खिडकी नाही. सोबतीला डंकन नावाचा स्कॉटिश पोरगा, बटाटे सोलणारा. साउदॅम्प्टन सुटलं, जहाज डोलायला लागलं आणि माझ्या पोटातला तो निरोप समारंभ शाल-श्रीफळासकट बाहेर आला. पुढचे दोन दिवस मी बंकवर आडवा. डंकन मेतकूट पाण्यात कालवून पाजायचा आणि लोणचं स्वतः चाखायचा. कर्णिककाकांच्या पुतण्याचं मेतकूट असं एका स्कॉटिश माणसाच्या हातून माझ्या पोटात गेलं. टिकलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थांबलं. वर आवाज, धावपळ. मी कसाबसा उठलो, पार्सलांची पिशवी खांद्याला मारली, कोणाला न विचारता डेकवर आलो.

धुकं. धुक्यात नदी, आणि काठावर आभाळाला टेकलेल्या दगडी इमारती.

न्यूयॉर्क!

दोन दिवसांत कसं आलं, असं विचारताय? मीसुद्धा विचारलं स्वतःला. उत्तर तयार होतं : हल्लीच्या बोटी वेगळ्या!

खाली उतरलो तर पासपोर्ट बघायला कोणी नाही. काय मोकळा देश आहे, म्हटलं. लोक जे बोलत होते त्यातला एक शब्द कळत नव्हता. म्हटलं, अर्थात! अमेरिकन अ‍ॅक्सेंट! लाल डबल डेकर गेली, म्हटलं, आपली कॉपी केली यांनी. दोन दिवस रिकाम्या पोटी असलेला मेंदू काय काय पचवतो, तुम्हाला कल्पना नाही.

न्यू जर्सी नदीपलीकडे आहे एवढं शालूमावशींनी सांगितलं होतं. समोर नदी होती. नदीवर फेरी होती. आणखी काय पाहिजे? तिकीट काढलं, ब्रिटिश नोट दिली. त्याने घेतली, सुटे दिले.

फेरी मध्यावर आली तेव्हा मी तळहातावरचे सुटे बघितले. प्रत्येक नाण्यावर राणी.

मी नाणी उलटी केली. परत सुलटी केली. राणी तशीच.

शेजारच्या बाकावर आमच्याच जहाजावरची एक म्हातारी गोरी बाई बसली होती, गुडघ्यावर थर्मास. मी विचारलं, "एक्स्क्यूज मी, अमेरिकेत राणी कधीपासून?"

"अमेरिकेत नाही रे बाळा. का?"

"मग आपण कुठे आहोत?"

"लिव्हरपूल! ऐकलं नाहीस का लेक्चर? किती सुंदर बोलले प्रोफेसर! ज्या ज्या बंदरांतून लोक अमेरिकेला गेले ती सगळी बंदरं दाखवतायत आपल्याला. आयरिश लोक, रशियातून आलेले ज्यू, स्वीडिश शेतकरी, सगळे इथूनच गेले. आणि आफ्रिकेतून गुलाम पळवून नेणारी जहाजंही इथलीच. त्याबद्दल कोणी बोलत नाही एरवी."

"आणि आपलं जहाज? ते कधी जाणार अमेरिकेला?"

बाईने थर्मासचं झाकण लावलं आणि माझ्याकडे डॉक्टरासारखं बघितलं. "आपलं जहाज ग्लासगोला जाणार आणि शनिवारी साउदॅम्प्टनला परत. तुला बरं नाहीये का?"

त्या धक्क्यावरून लाखो लोक सगळं सोडून कायमचे गेले होते. त्यांतल्या एकालाही हॉलमध्ये भाषण करावंसं वाटलं नसेल. मी भाषण केलं आणि कुठवर पोचलो? घरापासून दोन तासांवर!

फेरीने परत आलो तर जहाजाच्या शिडीवर मुख्य आचारी उभा. नाश्त्याची भांडी न घासता कोणाला न सांगता उतरलेल्या माणसाचं काय करायचं, हे त्याने आधीच ठरवलं होतं. माझी बॅग वरून खाली आली. पाठोपाठ डंकनचा आवाज आला, "लोणचं मी ठेवून घेतो हां!"

आता करायचं काय? घरी जावं तर कोणत्या तोंडाने? सगळ्या मंडळाला भित्रे म्हणून आलो होतो. मी ठरवलं, थोडे दिवस आपण अमेरिकेतच आहोत. लिव्हरपूलमध्ये कुठेतरी भांडी घासू आणि अधूनमधून न्यूयॉर्कहून फोन करू.

आणि फोन खरा वाटावा म्हणून काय डोकं लढवलं बघा. अमेरिकेतून स्वतःच्या पैशाने फोन कोण करतं? आपल्यातला प्रत्येकजण तिकडून कलेक्ट कॉलच लावतो, म्हणजे बिल उचलणाऱ्याच्या माथी! मी फोन बूथमध्ये शिरलो, ऑपरेटरला नंबर दिला आणि म्हटलं, रिव्हर्स चार्जेस प्लीज. थोडा वेळ खुडखुड झाली, मग बाबांचा आवाज.

"बोल."

"बाबा! न्यूयॉर्कहून बोलतोय! पोचलो!"

"अरे वा. कसं आहे?"

"मोठं आहे. फार मोठं. इमारती तर काय!"

"पार्सलं दिलीस?"

"दिली ना! मेतकूट तर लगेच संपलं."

"असं? तिकडे वाजले किती?"

मी समोरच्या घड्याळात बघितलं. दोन. पाच तास वजा केले. "सकाळचे नऊ!"

नेमके तेव्हाच बूथला खेटून लाल स्कार्फवाल्या फुटबॉलवेड्यांचा घोळका गेला, "लिव्हऽरपूल! लिव्हऽरपूल!" असा गळा फाडत.

"हे काय रे?"

"इथेही सपोर्टर आहेत बाबा. भरपूर."

"असतील, असतील." बाबा मग एकदम नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मग असं कर. न्यूयॉर्कहून पाचची ट्रेन पकड. क्रू जंक्शनला गाडी बदल. आई भाताला थांबेल."

"बाबा... तुम्हाला कसं..."

"ऑपरेटरबाईंनी विचारलं ना आधी. म्हणाल्या, लिव्हरपूलच्या बूथमधून तुमचा मुलगा बोलतोय, चार्जेस भराल का? मी म्हटलं, भरतो."

ते हसलेही नाहीत हो! हसले असते तर भांडता तरी आलं असतं. रिसीव्हर कानाला लावून, खलबत्त्याची पिशवी पायाशी ठेवून मी नुसता उभा. आयुष्यात परत कोणाला काही विचारणार नाही, विशेषतः बाबांना, असं माइकवरून ओरडलेला माणूस!

शेवटी घसा खाकरला आणि विचारलं,

"क्रूला कितव्या प्लॅटफॉर्मवर?"