कंडम कमिटीचे अध्यक्ष

नाशिकमध्ये आजवर जितक्या लोकांनी घरं बदलली असतील, त्या सगळ्यांनी मिळून केली नसेल एवढी धावपळ आमच्या थोरल्या साडूंनी घर न बदलता केली आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना दादा म्हणतो, ते मला 'पाहुणे' म्हणतात; माझे केस पिकले, कल्ल्यांनी तर साथही सोडली, तरी त्यांच्या लेखी मी कालच मांडवातून आलेला आहे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मेंटेनन्सला सगळी नोकरी काढून ते निवृत्त झाले, पण बसणं म्हणून काही असतं हे त्यांना तिथे कोणी शिकवलं नसावं. चहा उभ्याने, पेपर जिन्यात. जेवायला खाली बसले तरी एक गुडघा उभा, म्हणजे वेळ आली तर उठायला बरं. फोन आला की बोलत बोलत गल्लीच्या टोकाला जातात आणि परत येईपर्यंत फोनवरचा माणूस बाजूला राहून वाटेतल्या चौघांशी त्यांचं बोलणं झालेलं असतं.

अशा माणसाला घर हलवणं म्हणजे खरं तर पर्वणी. नाशिकरोडला त्यांचं दुमजली रो-हाऊस. खाली हॉल आणि स्वयंपाकघर. न्हाणी, देवघर, झोपायची खोली सगळं वर. ताईंचे, म्हणजे माझ्या मेहुणीचे, गुडघे गेले आणि तो जिना म्हणजे घरातला एक तापट सासरा होऊन बसला. सकाळी त्या अंघोळीला वर गेल्या की पूजा, वेणीफणी, कपड्यांच्या घड्या सगळं उरकूनच उतरायच्या. मध्येच कोणी बेल वाजवली तर त्याने आपलं नशीब आजमावायचं. मधल्या पायरीवर एक उशी कायमची ठेवलेली. तिथे बसून त्या मेथी निवडायच्या, कारण तिथून वर आणि खाली, दोन्ही सारखंच लांब. शेवटी पुण्याची लेक आली, तिने हट्टाने इंदिरानगरला लिफ्टच्या इमारतीत फ्लॅट घ्यायला लावला. जुन्या घराला गिऱ्हाईकही मिळालं. त्या मंडळींना मुलांच्या शाळा उघडायच्या आत राहायला यायचं होतं. उरलं होतं फक्त हलणं. दादांनी ठरवलं, हलायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठरवलं. मग रोजच ठरवायला लागले.

अडलं होतं ते सामानाचं. वीज केंद्रात कुठलीही वस्तू टाकाऊ ठरवायची तर म्हणे कमिटी बसायची आणि कमिटीचं एकमत झाल्याशिवाय गंजका बोल्टसुद्धा गेटबाहेर पडायचा नाही. 'कंडम' हा शब्द दादा अशा आवाजात उच्चारतात की न्यायाधीशाने फाशी सुनावल्यासारखं वाटतं. तोच नियम त्यांनी घराला लावला. कमिटीत अध्यक्ष दादा, सभासद ताई आणि मी. मला माझ्या बायकोने परस्पर देऊन टाकलं होतं. "रविवारी घरी बसून तरी काय करता?" असं तिने विचारलं आणि मी चपला घातल्या.

पहिल्या बैठकीत बिनझाकणाचा कुकर आला. त्यानंतर बऱ्याच वेळाने बिनकुकरचं झाकण आलं. मी आशेने एकमेकांवर ठेवून पाहिलं, पत्रिका जुळेना.

"कंडम," ताई म्हणाल्या.

"कंडम," मी म्हणालो.

दादांनी झाकण उजेडाकडे धरून फिरवलं. "रबर बदललं की लय चालंल."

"अहो, पण कुकर कुठाय याचा?"

"येईल की कुठून तरी."

असे रविवार गेले. तीनचाकी सायकलची उरलेली दोन चाकं, एकात एक बसणारे आणि शेवटी आत काहीच नसणारे पत्र्याचे डबे, पंख्याचं एक एकटं पातं. "बाकीची दोन?" विचारलं तर दादा म्हणाले, "ती कंडम झाली, म्हणून तर हे जपलंय." एकमत झालं ते एकाच वस्तूवर, गेल्या वर्षीच्या कॅलेंडरवर, तेही संध्याकाळी डब्यांच्या तळाशी घातलेलं सापडलं. एकदा मी घरी येऊन मोठ्या आवेशात बायकोला म्हणालो की रिकाम्या बरण्या साठवणं हा आजार आहे. तिने माळ्याचा दरवाजा उघडून माझ्या न उघडणाऱ्या छत्र्या दाखवल्या. त्यानंतर मी कमिटीत मवाळ झालो.

जे कंडम नाही आणि फ्लॅटमध्येही मावणार नाही, त्यावर दादांनी तोडगा काढला. वस्तू डेप्युटेशनवर पाठवायच्या. शिडी विंचूरला चुलतभावाच्या कांदाचाळीत गेली, लोखंडी पलंग निफाडला धाकट्या भावाच्या मळ्यात आणि कूलर आमच्या गॅलरीत. पण माणूस मुलीला सासरी पाठवून निवांत बसेल, दादा नाही. स्कूटर काढून ते वस्तूंची ख्यालीखुशाली विचारत हिंडू लागले. ऐन थंडीत आमच्याकडे आले, डोक्याला कानटोपी, आणि कूलरमध्ये पाणी भरून तो पूर्ण वेगात सोडला. मी शालीत, ते समाधानात. "पंप जाम होतो पाहुणे, वापरात ठेवावा माणसानं." निफाडला पलंगावर द्राक्षांचे कॅरेट रचलेले दिसले तेव्हा मात्र त्यांच्याच्याने राहवलं नाही. त्याच दुपारी पलंग टेम्पोत घालून परत आणला. धाकटा भाऊ बांधावरून ओरडला, "ओ दादा, पलंग हाय का नवरी? चार दिवसांत माहेरी घेऊन चालला!"

एकूण जेवढं गेलं तेवढं परत आलं, वर निफाडचे दोन कॅरेटही आले. गिऱ्हाईकाचा फोन आला की दादा सांगायचे, "शटडाऊन चालू आहे, थोडा दम धरा." उन्हाळा सरत आला. एके दिवशी गिऱ्हाईकाने अदबीने कळवलं, या रविवारपर्यंत कळलं तर ठीक, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो.

त्या रविवारी कमिटीसमोर एक पाय मोडलेलं स्टूल होतं. दादा नेहमीप्रमाणे तीन पायांची बाजू मांडत होते. ताई पायरीवरच्या उशीवर बसून ऐकत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "आता मला कंडम करा."

"काय बोलतेस अगं?"

"मग मला तरी हलवा. भाऊजी, गाडी आणलीय ना?"

मी दादांकडे बघितलं. दादा स्टुलाकडे बघत होते. ताईंनी देवांचा डबा, शेगडी, दुधाचं पातेलं आणि कपड्यांची एक पिशवी एवढंच घेतलं. दारात वळून म्हणाल्या, "तुम्ही या सावकाश. कमिटी झाली की." त्यात राग असता तर बरं झालं असतं. नव्या घरात त्यांनी दूध तापायला ठेवलं, रीतीप्रमाणे उतू जाऊ दिलं, हात जोडले आणि ओट्याकडे बघत म्हणाल्या, "पुसायला फडकं राहिलं की हो तिकडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांचा मला फोन. "पाहुणे, इकडं सगळं जागच्या जागी आहे." मी म्हणालो, "बरं." फोन मात्र ठेवीनात, आणि गल्लीतलं कोणी भेटल्याचाही आवाज आला नाही. मग म्हणाले, "साखर कशात असते हो आमच्याकडं?"

संध्याकाळी ते स्कूटरवरून इंदिरानगरला आले. मी फडकं द्यायला गेलो होतो म्हणून मला हे बघायला मिळालं. दार उघडंच असून त्यांनी बेल वाजवली. ताईंनी पाहुण्याला म्हणावं तसं "या, बसा" म्हटलं आणि चहा टाकला. खुर्ची नव्हती. दादा फरशीवर बसले, चक्क मांडी घालून.

"जमतंय का इथं?" त्यांनी विचारलं.

"न्हाणी जवळ आहे," ताई म्हणाल्या.

दादांनी कप स्वतः विसळला, नळ दोनदा उघडून बंद केला. "वॉशर बदलावा लागंल," एवढं म्हणून उठले. चपला घालताना, पाठ आमच्याकडे ठेवून, म्हणाले, "गिऱ्हाईकाला कळवतो, परवा टेम्पो सांगतो."

भंगारवाला आला तेव्हा कमिटी बसली नाही. तो एकेक वस्तू उचलून दाखवी आणि दादा भिंतीकडे तोंड करून 'कंडम' म्हणत. सुरुवातीला आवाज खणखणीत होता. डब्यांपर्यंत येता येता तो इतका उतरला, की भंगारवाल्यानेच दोन डबे हळूच परत ठेवले.

हल्ली मी इंदिरानगरला गेलो की दार दादा उघडतात. घर आवरलेलं, आणि दुरुस्त करायला त्यात काहीच नाही, म्हणून ते गॅलरीत या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत येरझारा घालत असतात. ताई घरात सापडत नाहीत. जेवणं आटोपली की लिफ्टने खाली जातात, इमारतीतल्या बायकांबरोबर. "गप्पांना बसली की मला विसरते," दादा तक्रार करतात. परवा मी म्हटलं, "हाक मारू का?"

"नको, नको." त्यांनी माझा हात धरून कठड्याशी नेलं आणि बोट दाखवलं. "ती बघा, निळी साडी. गेटपाशी वळली आत्ता."

मग आवाज एकदम खाली आणून, खालून कोणी ऐकेल अशा भीतीने म्हणाले, "चालतीये."