शीतपेटीतला सर्वांत मोठा आकडा

दवाखान्यात तिला सगळे अंशताई म्हणत. लशींच्या शीतपेटीचं तापमान सांभाळायचं काम तिने एकवीस वर्षं डोळ्यांत तेल घालून केलं होतं. घरीसुद्धा फ्रिजचं दार जरा उघडं राहिलं, की नवऱ्याची धडगत नसे. "अगं, टोमॅटो आहेत ते, लस नव्हे!" तो म्हणायचा.

त्या सोमवारी ती आली, तर रखवालदार दारातच उभा. चेहरा उतरलेला.

"ताई, काल सकाळी वीज गेली ती दुपारी चारला आली. जनरेटरही चालू होईना. पण पेटीचं दार मी उघडलं नाही हो. बाहेरच्या काट्यावर बघून दर अर्ध्या तासाला आकडा लिहून ठेवला. वीज आल्यावर संगणकात भरलाय, तुम्ही शिकवलं होतं तसा."

आत डॉक्टरीणबाई डोकं धरून बसल्या होत्या. "एकदा जरी आठ अंशांच्या वर गेलं असेल, तर सगळा साठा फेकायचा. आणि बाहेर साठ लेकरं बसलीयेत."

"फेकायच्या आधी दहा मिनिटं द्या मला."

वीज असताना यंत्र दर दहा मिनिटांनी नोंद करायचं; वीज जाऊन आली, की पुन्हा सुरू व्हायला मात्र दोनेक तास घ्यायचं. शुक्रवारपासूनचे तीनशेवर आकडे एकाखाली एक उभे होते. अंशताईने खालच्या रिकाम्या चौकटीत सर्वांत मोठा आकडा शोधणारं मॅक्सचं सूत्र लिहिलं, पहिल्या आकड्यापासून शेवटच्यापर्यंत सगळा रकाना त्यात घेतला आणि बटण दाबलं. उत्तर आलं, ५.६.

"सुटलो बाई!" डॉक्टरीणबाई उठल्याच.

अंशताई मात्र हलली नाही. सात-आठ तास वीज नाही आणि पेटी इतकी गार? तिच्या मनाला ते पटेना. ती एकेक ओळ वर सरकवत गेली. रविवारच्या ओळी बाकीच्यांसारख्या उजवीकडे नव्हत्या, डावीकडे चिकटल्या होत्या. रखवालदाराने इमानेइतबारे प्रत्येक आकड्यापुढे 'अंश' असं लिहिलं होतं.

"मॅक्सला आकडेच कळतात," ती म्हणाली. "शब्द दिसला, की ओळच सोडून देतं. कालचा दिवस त्याने मोजलाच नाही."

रखवालदाराच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे माझ्यामुळे...?"

"थांबा हो जरा."

तिने एकेका ओळीतला 'अंश' पुसायला घेतला. पंधरा ओळी होत्या. प्रत्येक ओळीगणिक खालचा आकडा चढत होता. ५.९. ६.४. ७.१. डॉक्टरीणबाईंनी तिच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. शेवटची ओळ दुपारी साडेतीनची. 'अंश' पुसला.

७.३.

तिने रकाना पुन्हा वरपासून खालपर्यंत तपासला. एकही ओळ डावीकडे उरली नव्हती.

"सात पॉइंट तीन," ती म्हणाली, आणि तिचा जीव भांड्यात पडला. "आठच्या आत आहे. एकही कुपी फेकायची नाही."

"पण मी घोळ घातलाच ना," रखवालदार पुटपुटला.

"तुम्ही लिहून ठेवलं नसतंत, तर काय खरं मानायचं होतं आम्ही? सगळंच फेकावं लागलं असतं."

डॉक्टरीणबाईंनी पहिल्या बाळाला आत बोलावलं. अंशताईने तेव्हा कुठे खांद्यावरची पर्स काढून टेबलावर ठेवली.