उस्तादांच्या मागं आमचे टाळ

माझं लग्न एका गाण्याच्या बैठकीत जमलं. ती बैठक मी बंद पाडली होती.

निजामाचा अंमल होता. बीडच्या जुन्या कचेरीत, दगडी कमानींच्या दालनात, हैदराबादेहून आलेले एक उस्ताद भरदुपारी गाणार होते. गेवराईच्या पाटलांनी आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, निरोप धाडला, की पोराला घेऊन या. गाणं ऐकणं होईल आणि पोरगा बघणंही होईल. त्यांची मुलगी मी कपिलधारच्या जत्रेत पाहिली होती (तिनं मला पाहिलं नव्हतं, हे माझं नशीब). तेव्हापासून अन्न गोड लागत नव्हतं.

आमच्या नांदूरघाटात गाणं म्हणजे भजन. बुवांनी ओळ म्हणायची आणि सगळ्यांनी ती उचलून धरायची. गप्प बसणं म्हणजे बुवांचा अपमान! म्हणून आबांच्या सांगण्यावरून मी टाळांच्या दोन जोड्या उपरण्यात बांधून घेतल्या.

आत सगळ्या शेरवान्या आणि रुमी टोप्या. पाटलांनी आम्हाला मुद्दाम पुढं बसवलं. उस्तादांनी डोळे मिटून पहिली ओळ अशी घेतली, की अंगावर काटा आला. मग ते थांबले. आणि मागं कुणी ओळच उचलेना!

आबा कळवळले. "एवढा मोठा मानूस एकटा पडलाय, अन् तू कावून गप बसलास? पाटील बघायलेत. घे."

मी घेतली. निम्मे शब्द त्यांचे, निम्मे पदरचे. आबांनी टाळ धरला, आणि कमानींनी तो चौपट करून परत दिला. तबलजीचा हात थांबला. उस्तादांनी डोळे उघडले. मला वाटलं आवाज कमी पडला, म्हणून मी आणखी वरून घेतली! चपराशी धावत आला, टाळ मागू लागला. त्यालाही वाजवायचे असतील, म्हणून मी उदार मनानं माझी जोडी देऊन टाकली. उस्तादांनी शेवटी हात जोडले, तेव्हा कुठं उजेड पडला.

बाहेर मी मान वर करेना. सोयरीक गेली, हे आबांच्या तोंडावरच दिसत होतं.

पाटील आले. म्हणाले, "पोरगा लई वंगाळ गातो तुमचा. पर मानूस एकटा पडला म्हून भर कचेरीत साथ दिली त्यानं. माझी लेक याच्या घरी एकटी पडायची न्हाई."

मला तिथंच रडू आलं.

तीस वर्षं झाली. घरात ओळ ती म्हणते, मी उचलून धरतो. टाळ मात्र तिनं अजून माझ्या हाती दिलेले नाहीत.